परवानगी कुणी मागितली?

डोरीन ऑर्मरॉडचं गावात फारसं कुणाशी पटत नसे, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. लँकेशरमधल्या ब्रॅकनशॉ गावाच्या खालच्या आळीत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, स्टॅननं, उभं आयुष्य मासे आणि बटाटे तळून विकण्यात घालवलं. कढईवर स्टॅन, गल्ल्यावर डोरीन. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "जरा कुरकुरीत द्या हं," की ही म्हणायची, "एवढी चिकित्सा असेल तर घरी तळा." तरी शुक्रवारी रांग कोपऱ्यापर्यंत जायची, कारण स्टॅनच्या हाताला चव होती. पुढे स्टॅन गेला, डोरीननं दुकान विकलं. जिभेची धार तेवढी तिच्याकडेच राहिली.

खालच्या आळीतली घरं गिरणीनं कामगारांसाठी बांधलेली. एकाला एक चिकटलेली, पुढचं दार थेट रस्त्यावर, मागे धुणं वाळत घालण्यापुरतं फरसबंद अंगण. गवताची काडी उगवायला जागा नाही. पण आळी संपली की एक दगडी कुंपण होतं, त्या कुंपणाला कुणाच्याही आठवणीपूर्वीपासून पडलेलं खिंडार होतं, आणि खिंडारातून पाऊल टाकलं की क्रॉफ्ट. गिरणी चालायची तेव्हा तिथं लाकडी चौकटींवर कापड ताणून वाळवत. गिरणी बंद पडली, चौकटी कुजल्या, आणि उरला तो उताराचा, हिरवागार, वाऱ्याचा माळ. पोरं तिथं चेंडू मारायची, कुत्री धावायची, म्हातारे ब्लॅकबेरी तोडायचे, नोव्हेंबरात त्यांच्याकडच्या शेकोटीच्या रात्रीची होळी पेटायची. जमीन कागदोपत्री ॲस्पिनॉल घराण्याची. गिरणीही त्यांचीच होती. माळाच्या माथ्यावर, झाडांमागे त्यांचं मोठं घर. आता तिथं सिरिल ॲस्पिनॉल एकटाच राहत होता. वय ऐंशीच्या पुढे, पाठ मात्र अजून काठीसारखी सरळ.

डोरीनचा क्रॉफ्टशी संबंध निराळाच होता. ती तिथं खेळली नाही, कुत्रं पाळलं नाही, ब्लॅकबेरीच्या काट्यांच्या वाटेला गेली नाही. दुपारचं तळण आटोपलं आणि संध्याकाळची कढई चढायला अवकाश असला की ती एप्रनसकट खिंडारातून आत जायची आणि सरळ गवतावर आडवी पडायची. अंगाला चरबीचा वास, पायांत गोळे, डोळे मिटलेले. त्या वेळात तिला कुणी काही मागत नसे. पोटच्या मुलीलासुद्धा ठाऊक होतं, आई माळावर आहे, आता हाक मारायची नाही. दुकान विकल्यावरही ती जातच राहिली. सवय म्हणा, हट्ट म्हणा.

अशीच एका वसंतात ती पडली होती, तेव्हा डोक्यापाशी कुणीतरी खाकरलं. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस हातात नारिंगी खुंट्या घेऊन उभा होता.

"बाई, जरा उठता का? इथं खुंटी मारायचीय."

"कसली खुंटी?"

"मोजणी चाललीय. घरं होणार आहेत इथं."

"मग मी उठेपर्यंत तुमची घरं थांबतील," असं म्हणून डोरीननं पुन्हा डोळे मिटले. तो बिचारा वळसा घालून पुढे गेला. पण डोरीनला त्या दिवशी पडून काही वाटेना.

बातमी नदीमनं पक्की केली. नदीम अख्तर शेजारच्याच घरातला, टॅक्सी चालवायचा. वडील गिरणीत रात्रपाळीला आले आणि इथलेच झाले. नदीम जन्मला तोच या आळीत. संध्याकाळी तो आळीतल्या पोरापोरींना क्रॉफ्टवर क्रिकेट शिकवायचा. म्हाताऱ्या सिरिलचा कारभार बघणारा पुतण्या ज्युलियन लंडनहून आला होता, त्याला स्टेशनवरून नदीमनंच आणलं होतं.

"आंटी, अख्ख्या वाटेत फोनवर बोलत होता तो. क्रॉफ्ट बिल्डरला देणार म्हणे. मोठी घरं, प्रत्येकाला दोन-दोन गाड्यांची जागा."

"आणि खालच्या आळीनं काय करायचं?"

"आपण भिंत बघायची. खिंडार बुजवणारेत."

मेथॉडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. सभेचे अध्यक्ष अर्थातच एडगर कॅटरॉल, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कॅटरॉल राहायचे वरच्या आळीत, त्यांना बाग होती, पण अध्यक्ष लागला की गाव त्यांच्याकडेच बघे. त्यांनी कायदा वाचून आणला होता.

"एखाद्या जमिनीवर," ते वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "गावातले लोक सलग वीस वर्षं खेळायला, फिरायला, विरंगुळ्याला येत असतील, तर ती जमीन गावमाळ म्हणून नोंदवता येते. मग मालक कुणीही असो, तिथं वीट लागत नाही. पण तीन अटी आहेत. लोकांनी चोरून वापरलेली नसावी. दांडगाईनं वापरलेली नसावी. आणि परवानगीनं वापरलेली नसावी."

"परवानगीनं नसावी?" मागून कुणीतरी विचारलं. "म्हणजे विचारून गेलो असतो तर हरलो असतो?"

"कायदा तसं म्हणतो खरा. हक्क असल्यासारखं वागलेलं असावं लागतं."

डोरीन मोठ्यांदा हसली. "ऐका! जन्मभर आईनं, बाईनं, पाद्रीबाबानं सांगितलं, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस. आणि सरकार म्हणतं, न विचारता घुसलात ना, शाब्बास, घ्या माळ!"

सगळे हसले. मग कॅटरॉल म्हणाले की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत अर्ज कुणाच्या तरी नावानं करावा लागेल, आणि एकदम सगळ्यांना आपापल्या अडचणी आठवल्या. बिल्डरचे वकील बडे, अर्जदारालाच धरतील, अशी कुजबुज होती. एकाचा जावई बिल्डरच्या कंपनीत कंत्राटावर होता, दुसरीला रक्तदाब. स्वतः कॅटरॉल चष्मा पुसत म्हणाले, "मी आपल्या सर्वांच्या पाठीशी आहेच."

"पाठीशी फार गर्दी झाली," डोरीन म्हणाली. "पुढे कुणीच नाही. द्या इकडे ते पेन."

पंधरवड्यात तिला बिल्डरच्या वकिलांचं जाडजूड पाकीट आलं. अर्ज निराधार आहे, परिणामांचा विचार करावा वगैरे वगैरे. डोरीननं कागद बोटांत चोळून पाहिला आणि नदीमला म्हणाली, "कागद चांगला आहे रे. दुकान असतं तर यात बटाटे बांधून दिले असते." पण नदीम गेल्यावर तिनं तो पुन्हा वाचला, आणि चहा निवून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. घाबरली नव्हती असं नाही. घाबरलेलं कुणाला दिसू द्यायचं नाही, एवढंच तिला जमत होतं.

चौकशी त्याच मेथॉडिस्ट हॉलमध्ये लागली. काउंटीनं निकालासाठी एक बाहेरच्या वकीलबाई नेमल्या होत्या, मिसेस टॉलंड. लहान चणीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, आणि कुणी काही बोललं की आधी लिहून घेणाऱ्या. मालकाच्या आणि बिल्डरच्या बाजूनं मिस्टर लेसी. डोरीनला वाटलं होतं, वकील म्हणजे अंगावर येणारा कुणी दांडगा असेल. पण हे लेसी इतके गोड बोलायचे, की साक्षीदाराला वाटावं, आपण यांच्या घरी जेवायला आलो आहोत.

पहिली साक्ष कॅटरॉलांची. त्यांनी माळावरच्या होळीचं, सहलींचं, घसरगाड्यांचं सुरेख वर्णन केलं. लेसी मान डोलावत ऐकत होते.

"फार छान, मिस्टर कॅटरॉल. गाव भाग्यवान म्हणायचं. जमीनमालकही दिलदार असले पाहिजेत."

"हो तर," कॅटरॉल म्हणाले. "ॲस्पिनॉलसाहेबांचे उपकारच आहेत गावावर. त्यांनी कधी आडकाठी केली नाही."

"आणि आपल्यासारखा सुसंस्कृत माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर होळी पेटवताना विचारल्याशिवाय राहणार नाही."

"छे छे! दरवर्षी मी स्वतः वर जाऊन साहेबांना विचारत असे. रीतच आहे ती."

"आणि ते परवानगी देत."

"आनंदानं," कॅटरॉल म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लेसींनी आभार मानले आणि बसले.

त्यानंतर सगळा दिवस तसाच गेला. चर्चमधल्या बाई आल्या, त्या म्हणाल्या, मालकांची कृपा. पोस्टातले गृहस्थ आले, ते म्हणाले, त्यांनी येऊ दिलं म्हणून आम्ही आलो. कुणालाच ॲस्पिनॉलांनी प्रत्यक्ष काही सांगितलं नव्हतं, पण भल्या माणसांना कृतज्ञ असल्याशिवाय चैन पडत नव्हतं. डोरीन पहिल्या रांगेत बसून दातओठ खात होती. नदीमच्या कानात ती म्हणाली, "हे लोक आभार मानून मानून माळ घालवणार बघ."

नदीमची पाळी आली. लेसींनी त्यालाही गोडीनं विचारलं, "क्रिकेट शिकवायला मैदान वापरता, तर मालकांना एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

"साहेब," नदीम म्हणाला, "मी या आळीत वाढलो. विचारून विचारून वागलो असतो, तर अजून कुणाच्या तरी दारातच उभा असतो."

हॉल खदखदून हसला. मिसेस टॉलंडनी लिहून घेतलं, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

मग डोरीन. तिनं दुकानाच्या वेळचा निळा कोट घातला होता आणि बसताना खुर्ची स्वतःच पुढे ओढली.

"मिसेस ऑर्मरॉड, आपण या जमिनीवर नेमकं काय करत होतात?" लेसींनी विचारलं.

"पडायचे."

"क्षमा करा?"

"आडवी. गवतावर. तळून तळून पाय मोडले की."

"कायद्यात खेळ आणि विरंगुळा म्हटलंय. निजणं हा खेळ म्हणायचा?"

"माझ्या जागी उभं राहून आठवडाभर मासे तळा, मग विरंगुळा कशाला म्हणतात ते मी विचारते तुम्हाला."

लेसी हसले. "रोज जात होतात?"

"रविवार सोडून. आणि पाऊस असला की नाही."

"लँकेशरमध्ये पाऊस सोडला तर फार दिवस उरत नाहीत, बाई."

"म्हणून तर उरलेला एकही मी सोडला नाही."

या वेळी बिल्डरच्या बाजूची माणसंही हसली. लेसींनी आवाज आणखी मऊ केला. "मिस्टर ॲस्पिनॉल आपल्याला पाहत असतील. त्यांनी कधी हटकलं?"

डोरीनच्या जिभेवर आलं होतं, हटकून तर बघायचं होतं! पण कॅटरॉलांनीच तिला आधी बजावलं होतं, मालकानं मना केलं आणि तुम्ही तरी गेलात, तर ती दांडगाई, तिथंही हरलो. एका बाजूला विनय, दुसऱ्या बाजूला दांडगाई, आणि मधून चालायला हाताच्या रुंदीची वाट. पण तिला त्या वाटेचा विचार फार करावा लागला नाही. खरं तेवढं सांगायचं होतं.

"नाही हटकलं."

"मग बोलावलं? 'या, बसा' म्हणाले?"

"तेही नाही. ते वर कुत्रं घेऊन उभे राहायचे आणि खाली बघायचे. मी खालून वर बघायचे. एवढंच आमचं बोलणं."

"मनातून तरी आपल्याला वाटत असेल, की त्यांची हरकत नाही?"

"त्यांच्या मनात काय आहे याचा मी कधी विचारच केला नाही," डोरीन म्हणाली. "आमच्या आळीची पोरं माझ्या आजीच्या वेळेपासून तिथं लोळतायत. मी का विचारू? श्वास घ्यायला विचारते का मी?"

लेसी बसले, पण चेहऱ्यावर चिंता नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांचा हुकमी साक्षीदार यायचा होता.

संध्याकाळी कॅटरॉल आणि सभेनं नेमलेल्या समितीतले आणखी दोघं डोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. कॅटरॉलांनी टोपी मांडीवर धरली होती. ज्युलियननं तडजोड सुचवली होती: अर्ज मागे घ्या, मी कोपऱ्यात मुलांसाठी झोपाळे आणि घसरगुंडी असलेली जागा सोडतो. कुंपण घालून, नीट.

"म्हणजे आपल्या वाट्याला काहीतरी येईल," कॅटरॉल म्हणाले. "उद्या म्हातारे स्वतः साक्ष देणार आहेत. परवानगी दिली होती म्हणून सांगणार. मग सगळंच जाईल, मिसेस ऑर्मरॉड. चूक माझी आहे, ते मी मान्य करतो. पण आता व्यवहार बघायला हवा."

"झोपाळे केवढे?"

"चांगले आहेत. मी नकाशा पाहिला."

"आणि त्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप?"

कॅटरॉल घुटमळले. "रात्री लावतील. सुरक्षेसाठी."

"किल्ली कुणाकडे?"

कॅटरॉलांनी मांडीवरची टोपी फिरवली. डोरीननं किटली गॅसवरून उतरवली आणि कपात ओतली नाही, तशीच ठेवून दिली. कॅटरॉलांना कळलं, आपल्याला चहा मिळणार नाही.

"सर, तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "माझ्या पोरीला तुम्ही वाचायला शिकवलंत, ते मी विसरले नाही. पण तुमच्या घरामागे बाग आहे. माझ्यामागे फरशी आहे. कोपऱ्यातला तुकडा भीक म्हणून घ्यायचा आणि किल्लीवाल्याला सलाम करत बसायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. अर्जावर नाव माझं आहे. मागे घ्यायचा अधिकारही माझाच. मी घेत नाही."

"आणि हरलो तर?"

"तर हरू. पण आपणहून कुंपणात शिरणार नाही."

तिघे निघून गेले. जाताना एकजण पुटपुटला, बाई हट्टापायी गावाला बुडवणार. डोरीनला ते ऐकू गेलं. दार लावून ती पायरीवर बसली. तो पुटपुटणारा खरं बोलत असेल तर? आळीतल्या पोरांना निदान झोपाळा मिळाला असता. तिनं तो विचार पुष्कळ वेळ उलटसुलट करून पाहिला. पण प्रत्येक वेळी तिला ती किल्ली दिसायची.

सकाळी हॉल खचाखच भरला. सिरिल ॲस्पिनॉल कुणाचा हात न धरता आला. ट्वीडचा कोट, चकचकीत बूट. पुतण्या मागे मागे. लेसींनी विचारलं तेव्हा म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "जमीन माझी. लोक येत होते ते माझ्या संमतीनं. मी त्यांना येऊ देत होतो."

लेसींचं काम तिथंच संपलं. मिसेस टॉलंड डोरीनकडे वळल्या. "अर्जदार या नात्यानं तुम्हाला यांना प्रश्न विचारता येतील."

डोरीन उठली. तडजोड फिसकटली तरी कॅटरॉलांनी रात्री बसून प्रश्न लिहून काढले होते, चांगले मुद्देसूद, आणि सकाळी तिला आणून दिले होते. तिनं ते हातात घेतले, पण समोरचा तो सरळ पाठीचा म्हातारा पाहून तिच्या मनात जे आलं, ते कागदावरचं नव्हतं. राग आला.

"मला येऊ देत होता म्हणता. मला ओळखता?"

"अर्थात. तळणाऱ्याची बायको."

"नाव काय माझं?"

"ऑर्मरॉड. या अर्जावर वाचलं."

"अर्जाआधी ठाऊक होतं?"

"नाही."

"मी तिथं पडलेली तुम्ही पाहिलीत?"

"पुष्कळदा. उन्हाळ्यात रोजच."

"मग काय केलंत?"

"काही नाही."

"मान डोलावलीत? हात केलात? टोपीला हात तरी लावलात?"

"मी?" म्हाताऱ्याच्या गालांवर रंग चढला. "मी तुम्हाला टोपी उंचावू?"

लेसी अर्धवट उठले. "मॅडम, साक्षीदार वयस्कर आहेत..."

"मी ठीक आहे," ॲस्पिनॉल त्यांच्यावरच खेकसला. "बसा तुम्ही."

"या गावात आपण दोघं जन्मलो," डोरीन म्हणाली. "एवढ्या वर्षांत तुम्ही मला एकदा 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाहीत. माझा नवरा गेला, अख्खी आळी आली, तुमच्या घरातून फूल नाही आलं. ते जाऊ दे. पण जो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, त्यानं मला परवानगी दिली कधी? कुठल्या तोंडानं?"

"बोलायचा प्रश्नच नव्हता!" म्हाताऱ्यानं काठी आपटली. "आमच्या घराण्यात खालच्या आळीशी बोलायची पद्धत नव्हती. वडील बोलले नाहीत, मी बोललो नाही. काही सांगायचं झालं, तर निरोप गिरणीच्या मुकादमाकडून जाई."

"आणि गिरणी बंद पडल्यावर?"

"तेव्हा मुकादमच राहिला नाही. निरोप न्यायला कुणी नव्हतं."

मिसेस टॉलंडचं पेन कागदावर भरभर चालत होतं. त्यांनी वर पाहून विचारलं, "मिस्टर ॲस्पिनॉल, म्हणजे होळीचा दिवस सोडला, तर गिरणी बंद झाल्यापासून लोकांना संमती आहे असं आपण कुणालाही, कोणत्याही प्रकारे कळवलं नाहीत?"

"मॅडम, माझ्या जमिनीवर माझ्या मनात काय आहे, हे मी रस्त्यावरच्या माणसांना का कळवावं?"

लेसींनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ज्युलियन छताकडे बघत होता. डोरीन खाली बसली. मागून नदीम हळूच म्हणाला, "आंटी, विकेट."

"गप रे," ती म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तसं काही वाटत नव्हतं. एवढं उघड उघड ऐकल्यावर कानशिलं तापली होती.

बाहेर म्हातारा गाडीची वाट पाहत भिंतीला टेकून उभा होता. डोरीन त्याच्यासमोरून जाऊ लागली, तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही आजारी आहात. इतकं निश्चल पडायचात. एकदा तर वाटलं, गेलात."

डोरीन थांबली. "मग येऊन बघायचं."

"कुत्र्याला पाठवलं होतं एकदा. त्यानं तुमचा एप्रन चाटला."

"तो तुमचा होता होय? तेलासाठी चाटत होता मेला."

गाडी आली. आत बसता बसता म्हाताऱ्यानं टोपीला जरासा हात लावल्यासारखं केलं, की नुसती टोपी सारखी केली, हे डोरीनला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

निकालाला हिवाळा उजाडला. मिसेस टॉलंडनी लिहिलं होतं की होळीची परवानगी ती होळीपुरती. बाकी वर्षभर गावकरी कुणाला न विचारता, उघड्यावर, हक्कानं यावं तसे येत होते, आणि मालकाचं नुसतं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. काउंटीनं क्रॉफ्टची गावमाळ म्हणून नोंद केली. बिल्डर वरच्या कोर्टात गेला. तिथंही डोरीनला दोनदा गाडीनं लंडनला जावं लागलं. दोन्ही वेळा सँडविच घरून नेले आणि कोर्टाच्या पायरीवर बसून खाल्ले. वरच्या कोर्टानंही नोंद कायम ठेवली, आणि ज्युलियन पुन्हा गावात दिसला नाही. नारिंगी खुंट्या पोरांनी कधीच उपटून यष्ट्या केल्या होत्या.

वर्तमानपत्रात फोटो कॅटरॉलांचा आला. डोरीनला त्याचं काही वाटलं नाही, पण कॅटरॉलांना वाटलं. पुढच्या सभेत त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की त्या संध्याकाळी आपण चुकलो होतो, आणि माळावर मिसेस ऑर्मरॉडच्या नावाचा एक बाक ठेवावा, पितळी पाटी लावून. टाळ्या पडल्या.

डोरीन मागच्या रांगेतून म्हणाली, "काही नको."

"अहो, पण गावाची इच्छा आहे."

"बाकावर नावं मेलेल्यांची असतात. माझं नाव दिसलं की लोक म्हणतील, बरी होती बिचारी. मी बरीही नाही आणि गेलेलीही नाही. बाक ठेवायचा तर ठेवा, म्हाताऱ्यांना टेकायला होईल. पाटी नको."

"मग तुमच्यासाठी काय करायचं आम्ही?" कॅटरॉलांनी खरोखर काकुळतीला येऊन विचारलं.

डोरीननं जरा विचार केला. "नदीमला सांगा, दुपारी चेंडू जरा पलीकडच्या अंगाला मारत जा म्हणावं. काल कपाळावर बसता बसता राहिला."

"ते तुम्ही गवतात दिसत नाही, आंटी!" नदीम ओरडला. "काहीतरी रंगीत घालत जा ना!"

"मी नाही घालायची," डोरीन म्हणाली. "तू बघून खेळ."